द्राक्षबागांतून सायकल : रस्ता निवडा, वेळही निवडा

"डॉक्टर, तुम्ही चालायला सांगता, पण गुडघे ऐकत नाहीत." पन्नाशी ओलांडलेल्या, वजन थोडे वाढलेल्या रुग्णांकडून हे वाक्य आठवड्यातून दोन-चार वेळा तरी कानावर येते. अशांना मी सायकल सुचवतो. त्यावर पहिले उत्तर येते, "आता या वयात?" आणि दुसरे, "हायवेवर मरायला पाठवता का?"

पहिल्या शंकेत तथ्य नाही. दुसरी मात्र अगदी रास्त आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर सायकल चालवा, असे मी कोणालाच सांगणार नाही. परंतु वाचकहो, आपल्या नाशिक जिल्ह्यात महामार्गाच्या दोन्ही अंगांना गावाला गाव जोडणाऱ्या बारीक डांबरी रस्त्यांचे जाळे आहे. दोन्हीकडे द्राक्षांचे मांडव, मधूनच एखादी वस्ती, एखादा पाट. व्यायामासाठी यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. फक्त कोणत्या रस्त्याने जायचे आणि केव्हा जायचे, हे समजून घेतले पाहिजे. आजचा लेख त्यासाठीच.

सायकलने काय साधते?

चालताना शरीराचा भार गुडघ्यावर येतो. सायकलवर तो बराचसा सीट घेते. मांडीचे स्नायू मात्र भरपूर काम करतात आणि काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. म्हणून मधुमेह, वाढलेला रक्तदाब व स्थूलपणा या तिन्हींवर हा व्यायाम उपयोगी पडतो. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात सुमारे तीस हजार लोकांची पाहणी कित्येक वर्षे चालली होती. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. सायकलने कामावर जाणाऱ्यांपेक्षा न जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ३९ टक्के अधिक आढळले.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल, तर नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू आठवा. २०१५ साली त्यांनी दोघांच्या संघाने अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. आपल्याला एवढे करायचे नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावे?

चालताना छातीत दुखणारे अथवा दम लागणारे, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, चक्कर येणारे, डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झालेले, तसेच रक्तदाब १८० / ११० च्या वर असलेले, या सर्वांनी तपासणी करून घेतल्याशिवाय सायकलला हात लावू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरू लागले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ताबडतोब थांबून तीन चमचे साखर खावी. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा खावी. अशा वेळी रेटून घर गाठण्याचा प्रयत्न करू नये.

सीटची उंची

जुनी सायकल चालेल; गिअर नसले तरी बिघडत नाही. सीट मात्र योग्य उंचीवर हवी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर ताण पडतो आणि दोष मात्र सायकलला मिळतो. दोन्ही ब्रेक, घंटी, मागचा लाल दिवा आणि डोक्यावर हेल्मेट हवेच.

वेग किती असावा? सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. बोलताच येत नसेल तर वेग कमी करा.

तीन रस्ते

पहिला, नाशिककरांसाठी : गंगापूर रस्त्याने गोवर्धन, दुगाव, गिरणारे. गंगापूर धरणाच्या परिसरातला हा रस्ता थोड्या चढ-उताराचा आहे. सवय झालेल्यांना चांगला. शनिवार-रविवारी मात्र पर्यटकांच्या मोटारी वाढतात आणि संध्याकाळी परतणाऱ्यांपैकी सगळेच शुद्धीवर असतील याची खात्री नसते. म्हणून हा रस्ता कामाच्या दिवशी सकाळीच धरावा.

दुसरा, दिंडोरी व पिंपळगावकरांसाठी : मोहाडी, खडक सुकेणे, चिंचखेड हा कादवेच्या परिसरातला पट्टा. येथे बाग संपली की दुसरी बाग सुरू होते. एका गावापासून पुढच्या गावापर्यंत जाऊन परत येणे, एवढे सुरुवातीला पुरेसे आहे.

तिसरा, निफाडकरांसाठी : चांदोरी, सायखेडा आणि पुढे नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला. गोदाकाठचा हा मुलूख सपाट असल्याने गुडघेदुखीवाल्यांनी व नव्याने शिकणाऱ्यांनी येथूनच आरंभ करावा. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीला २०२० साली रामसरचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. तसा दर्जा मिळालेली ती महाराष्ट्रातली पहिली जागा. हिवाळ्यात तेथे पक्षी येतात. ते पाहायला थांबावे, तेवढीच विश्रांती.

बागेचे वेळापत्रक ओळखा

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बागेतली हवा गावच्या हवेपेक्षा स्वच्छ असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरे असते, परंतु फवारणीच्या वेळी नाही.

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर वेल कोवळी असते. दव किंवा पाऊस पडला की केवडा येतो, पुढे भुरीची धास्ती. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात फवारण्या वरचेवर होतात, त्याही बहुधा वारा पडलेला असताना, सकाळी किंवा संध्याकाळी. ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा तुषार बांधावर थांबत नाही, रस्त्यावर येतो. सायकल चालवताना आपला श्वास खोल व जलद असतो, त्यामुळे तो तुषार आपण अधिक ओढून घेतो. दमेकऱ्याला यातून जोराची ढास लागू शकते.

यासाठी नियम साधा आहे. ब्लोअरचा आवाज आला किंवा मांडवावर धुके दिसले की थांबावे. वाऱ्याची दिशा पाहून लांब उभे राहावे किंवा परत फिरावे. "दोन मिनिटांत पार होतो," असे म्हणून तोंडाला रुमाल बांधून घुसू नये; रुमालाने औषधाची वाफ अडत नाही. या तीन महिन्यांत शक्यतो नदीकाठचा, कांदा-गव्हाच्या रानातला रस्ता निवडावा. जानेवारी ते मार्च हा काढणीचा काळ. काढणीपूर्वी ठरावीक दिवस औषधे बंद ठेवावी लागतात, त्यामुळे तेव्हा बागांतून जायला हरकत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पुन्हा कान उघडे ठेवावेत.

तुषार अंगावर आलाच, तर घरी येताच कपडे बदलून साबणाने आंघोळ करावी. डोळ्यांत गेला असल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. उलटी, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, घाम, छातीत आवळल्यासारखे होणे, यांपैकी काहीही झाले तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा. बागवानाकडून औषधाची बाटली किंवा निदान तिचे नाव घेऊन यावे. उपचार ठरवताना आम्हाला त्याचा फार उपयोग होतो.

पहाटेची थंडी आणि अंधारातल्या ट्रॉल्या

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पुष्कळदा राज्यात सर्वांत खाली असतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो. रक्तदाब व हृदयविकाराच्या रुग्णांनी पहाटे पाचचा हट्ट सोडावा आणि ऊन पडल्यावर, आठच्या पुढे निघावे. उन्हाळ्यात उलट करावे. साडेसातच्या आत घरी यावे.

याच दिवसांत उसाच्या व कांद्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. म्हणून अंधार पडल्यावर सायकल नको. ट्रॉली मागून आली तर शर्यत न लावता बाजूला उतरून उभे राहावे.

घडाचा मोह

रस्त्यालगतचा घड तोडून तोंडात टाकू नये. तो दुसऱ्याचा माल आहे, शिवाय त्यावर कालच फवारणी झालेली असू शकते. ओळखीच्या बागवानाने आग्रहाने दिलाच, तर घरी आणून धुऊन खावा. १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण १५ ग्रॅम साखर असते. मधुमेह्यांनी दहा-बारा मण्यांवर थांबावे. "आज सायकल चालवली" या सबबीवर अख्खा घड संपवला, तर अर्ध्या तासाची कमाई तेथेच गेली. बेदाण्यात तर साखर याच्या चौपट.

पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटे जाणे, दहा मिनिटे येणे, एवढेच करावे. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. एकट्याने जाऊ नये. सोबत शेजारी, भाऊ, सौभाग्यवती, कोणीही चालेल. महिन्याने वजन, रक्तदाब व साखर तपासून वहीत लिहून ठेवावी. गोळ्या मात्र आपल्या मनाने कमी करू नयेत. तो आकडा डॉक्टरांना दाखवावा, पुढचे ते ठरवतील.