बाविसाव्या वचनावर अडलेला संसार

पगार जमा झाल्याचा मेसेज आला की नवरा तिचा मोबाइल मागून घ्यायचा. एटीएम कार्ड तर लग्नापासून त्याच्याच पाकिटात. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत ती पॅकिंगला होती, पण शेअर रिक्षाच्या पैशांसाठीही हात पसरावा लागे. कुरकुर केली की तो इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढायचा, पत्नीने पतीच्या अधीन राहावं असं सांगणारं बाविसावं वचन वाचायचा आणि बायबल मिटायचा. सासूबाई ‘आमेन’ म्हणायच्या.

“शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते. देवाच्या शब्दापुढे काय बोलणार?”

नाव छापायचं नाही या अटीवर बोलणारी बोईसरची ही बाई आता पालघरला बहिणीकडे राहते. राग अजून धुमसतोय, आणि तो रास्त आहे.

तेव्हा एके दिवशी नवऱ्याची दुसरी पाळी होती, घरात कोणी नव्हतं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सोप्या मराठीत आणलेलं ‘सुबोध बायबल’ तिने कपाटावरून काढलं आणि तोच अध्याय स्वतः वाचला. एकविसाव्या वचनात पत्र लिहिणारा संत पौल दोघांनाही एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतो. पंचविसाव्यापासून तो नवऱ्याकडे वळतो: ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं, तसं प्रेम बायकोवर करायचं. बायकोला उद्देशून तीन वचनं, नवऱ्याला जवळपास नऊ. “मला तीनच ऐकवली. बाकीची त्याला ठाऊक नव्हती असं मी मानणार नाही. दर रविवारी मिस्साला पुढच्या बाकावर बसायचा तो!”

रात्री तिने पान पुढे केलं. तो वाचेना. “मला धर्म शिकवतेस?” एवढंच बोलला आणि दुसऱ्या दिवशी नातेवाइकांना फोन करून सांगितलं, नोकरीमुळे बायको हाताबाहेर गेली.

पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या उपदेशपत्रात, परिच्छेद 156 मध्ये, शरीरसंबंधात पत्नीला दबवायला हाच उतारा वापरणं स्पष्टपणे नाकारलं आहे. पगार हिसकावणं हा तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने आर्थिक छळ ठरतो. हे तिला लग्नाआधी कोणी सांगितलं नाही.

म्हणून ती लग्न ठरलेल्या मुलींना बजावते: पगाराचं खातं आणि कार्ड आपल्याच हाती ठेवा. घरखर्चात कोण किती घालणार, हे लग्नाआधीच त्याच्याकडून वदवून घ्या. ‘पुढचं पुढे बघू’ म्हणाला तर थांबा. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आईबाप सोडून बायकोशी जडून राहायला पुरुषाला सांगितलंय. सासूबाई प्रत्येक निर्णयात असतील तर ते पान उघडून दाखवा. रोज एकत्र प्रार्थना करा, रुसवा दिवस मावळेपर्यंत ओढू नका. फादरकडे जायचं तर दोघांनी मिळून जा. एकटी गेलात तर घरी चुगलीखोर ठरता.

हात उगारला तर मात्र क्रूस समजून सोसू नका. पती किंवा पत्नीकडून जिवाला, मनाला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा चर्चच्या कायद्यातच आहे, कॅनन 1153. महिलांसाठीची 181 ही हेल्पलाइनही आहे.

आणि विवाहपूर्व शिबिरं घेणाऱ्या फादर-सिस्टरांना तिची कळकळीची विनंती: एकविसाव्यापासून तेहतिसाव्या वचनापर्यंतचा सगळा उतारा नवऱ्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या, मुलीसमोर आणि दोन्हीकडच्या आईबापांसमोर.