जनित्राच्या तारा : एक नळी कीं दोन?

गेल्या पावसाळ्यांत उत्तन येथील आमच्या वाडींत, वीज चालू असतांनाही, मध्यरात्रीं जनित्र आपोआप धडधडूं लागलें. तपास करितां असें आढळलें कीं, तारा ओढणाऱ्या कारागिरानें एका नळीचा खर्च वाचविण्यासाठीं २३० व्होल्टच्या जाड तारा व जनित्रास हुकूम देणाऱ्या १२ व्होल्टच्या बारीक तारा एकत्रच नेल्या होत्या. ओढतांना बारीक तारांचें वेष्टन खरचटलें. त्या एकमेकींस टेकल्या, आणि ‘सुरू हो’ असा हुकूम यंत्रास पोंचला. त्याच जाड तारेस टेकल्या असत्या तर नियंत्रणपेटी जळून, तिला हात लावणारा मनुष्यही दगावला असता.

वेष्टन शाबूत असलें तरी भय सर्वस्वीं टळत नाहीं. जाड तारेंतील प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें घेतो. त्यामुळें शेजारून लांबवर गेलेल्या बारीक तारेंत प्रेरणेनें थोडा दाब उत्पन्न होऊन खोटा संदेश जाऊं शकतो. महसुली दफ्तरांत कारकुनी करितांना हद्दींचे तंटे पुष्कळ पाहिले. हाही त्यांतलाच एक.

सबब दोन नळ्या घालून त्यांत अंतर ठेवावें. ओलांडणें भागच पडल्यास काटकोनांत ओलांडावें. बारीक तारांस पीळ द्यावा. जागेअभावीं नळी एकच ठेवणें झाल्यास बारीक तारेचें वेष्टनही जाड तारेच्या दाबास पुरेल असें हवें. घंटीची तार तेथें मुळींच चालणार नाहीं. आमच्याकडील खारी हवा सांधे खाते, म्हणून सांधा नळींत न ठेवतां बंद पेटींत घ्यावा. दुरुस्तीपूर्वीं वीज तोडावीच, परंतु जनित्राच्या बॅटरीची तारही सोडवावी. नाहींतर वीज तोडतांच तें हाताखालींच सुरू होईल.

नवी नळी पुरण्यास आम्हांस एक दिवस व एक मजूर पुरला.