‘बॉम्बे फीनोटाइप’ : एका संज्ञेची उकल

शास्त्रीय संज्ञेची फोड केली, की ती आपला अर्थ स्वतःच सांगू लागते. आनुवंशिकीतील ‘बॉम्बे फीनोटाइप’ ही संज्ञा आपल्या खाडीपलीकडच्या शहराशी निगडित असल्यामुळे या लेखासाठी आम्ही तिची निवड केली आहे.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या एका अपरिचित रक्तगटाचे वर्णन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या गटास शहराचेच नाव मिळाले. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले. संज्ञेतील ‘बॉम्बे’ मात्र कायम राहिले.

संज्ञेचे उत्तरपद ग्रीक मुळाचे आहे. ‘फायनेइन’ म्हणजे प्रकट करणे आणि ‘तुपोस’ म्हणजे ठसा. डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सेन यांनी १९०९ मध्ये जे दिसते त्यास ‘फीनोटाइप’ आणि जनुकांत जे असते त्यास ‘जीनोटाइप’ म्हटले.

या रक्तगटात हा भेद स्पष्ट होतो. ‘ए’ व ‘बी’ हे प्रतिजन ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात. माता व पिता या दोघांकडूनही ‘एच’चे निष्क्रिय जनुक आले, तर हा पायाच घडत नाही. मग ‘ए’ वा ‘बी’चे जनुक असूनही ते प्रकट होत नाही आणि नेहमीच्या तपासणीत ती व्यक्ती ‘ओ’ गटाची भासते. परंतु तिच्या रक्तात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे असल्याने ‘ओ’ गटाचे रक्तही तिला प्राणघातक ठरू शकते. तिला स्वतःच्याच गटाचे रक्त लागते.

अशा मातेचे झाकलेले ‘बी’ जनुक अपत्यात प्रकट होऊ शकते. ‘ओ’ गटाच्या मातेस ‘बी’ वा ‘एबी’ गटाचे मूल कसे, असा प्रश्न मग उठतो. केवळ रक्तगटाच्या कागदावरून तिच्या चारित्र्यावर संशय घेणे हा घोर अन्याय होय.

भारतात असा रक्तगट साधारणतः दहा हजारांत एकाचा असतो. सख्ख्या भावंडांत मात्र ही शक्यता चारांत एक इतकी असते. म्हणून कुटुंबात एकाचा हा गट आढळल्यास सर्व भावंडांनी ‘एच’ प्रतिजनाची तपासणी करून घ्यावी आणि रक्तपेढीत नाव नोंदवावे, अशी पालकांस व माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे.