फरक आणि विरोध : काही शब्दांची कुळकथा

सभा कोणतीही असो, गावाची, जमातीची की एखाद्या संस्थेची, तीत 'विरोध' हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. एखाद्या सभासदाने सुचविले की विद्यार्थ्यांना मदतीची रक्कम दिवाळीऐवजी शाळा उघडतानाच द्यावी, की लगेच कोणी तरी म्हणतो, "यांचा ठरावाला विरोध आहे." वास्तविक त्या गृहस्थांचा ठरावाला विरोध मुळीच नसतो, त्यांचे मत निराळे असते, इतकेच. परंतु नोंदवहीत 'विरोध' असे एकदा उमटले म्हणजे ते तसेच राहते. वीस वर्षांनी त्यांचा मुलगा ती वही चाळतो, तेव्हा आपले वडील संस्थेच्या विरुद्ध होते अशी त्याची समजूत होते. या शब्दांचा हिशेब कोणी तरी मांडावयास हवा, आणि तो मांडणे हे भाषेच्या शिक्षकाचे कामच आहे.

आपला पांढुर्णा-सौंसरचा मुलूख या कामाला फार सोयीचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि आपले दोन तालुके मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली हे दोन्ही तालुके छिंदवाड्यापासून निघून पांढुर्णा जिल्हा झाला. राज्ये आणि जिल्हे बदलले, तरी घरात मराठी, कचेरीत हिंदी हा व्यवहार चालूच आहे. आणि आमच्यासारख्या घरांत वडीलधारी माणसे उर्दू बोलतात ती वेगळीच. त्यामुळे एकच शब्द आपल्या मुलांच्या कानांवर तीन अर्थांनी पडतो.

प्रथम संस्कृताकडून आलेली जोडी घेऊ. 'भेद' हा शब्द 'भिद्' धातूपासून निघाला. भिद् म्हणजे फोडणे, चिरणे. 'भिन्न' हाही त्याचाच. गंमत अशी की आपल्या घराची 'भिंत', म्हणजे संस्कृत 'भित्ति', हीही याच धातूची लेक आहे. भिंतीने एका घराच्या दोन खोल्या होतात, घर मात्र एकच राहते. हिंदीत या शब्दाने आणखी एक वळण घेतले. तिथे 'भेद' म्हणजे गुपित. मराठीतल्या 'घरभेद्या'त त्याची थोडी छाया दिसते.

'विरोध' हा 'रुध्' धातूचा. रुध् म्हणजे अडविणे, कोंडणे. 'अवरोध', 'निरोध' ही त्याचीच भावंडे. पाटात माती पडून पाणी थांबते, तो रोध. तेव्हा मतभेदात दोन मते निराळी होतात, एवढेच. विरोधात एक जण दुसऱ्याची वाट अडवितो. नोंदवही लिहिणाऱ्याने स्वतःला एवढेच विचारावे की या गृहस्थांनी कोणाची वाट अडविली काय? नसेल अडविली, तर 'निराळे मत नोंदविले' असे लिहावे. याच धातूला 'अनु' लागला म्हणजे अर्थ अगदी मवाळ होतो. मराठीत 'नियमांच्या अनुरोधाने' म्हणजे नियमांना धरून. हिंदीत 'अनुरोध' म्हणजे विनंती. सीमेवरचा विद्यार्थी हे दोन्ही अर्थ एकाच निबंधात वापरतो आणि दोन्हीकडे गुण गमावतो.

आता फारशीमार्गे आलेल्या अरबी शब्दांकडे वळू. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि राजदरबारातल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले, तरी 'फरक', 'तफावत', 'हरकत', 'तक्रार' हे शब्द मराठी माणसाच्या जिभेवरून काही हलले नाहीत.

'फरक' म्हणजे मुळात वेगळे करणे. 'फिरका' म्हणजे वेगळा झालेला गट, 'फिराक' म्हणजे ताटातूट. उर्दू शाळेत वजाबाकीला 'तफरीक' म्हणतात, तीही याच मुळाची. (वजाबाकीतले 'वजा' आणि 'बाकी' हे दोन्ही शब्दही अरबीच आहेत, हे आमच्या गणिताच्या शिक्षकांना सांगितले तर खरे वाटत नाही.) हजरत उमर यांना 'फारूक' म्हणतात, कारण ते खऱ्याखोट्याची निवड करणारे होते. परंतु कानाला सारखा वाटणारा प्रत्येक शब्द सख्खा नसतो. 'फारकत' हा शब्द 'फरक'चा नव्हे; तो 'फारिग' म्हणजे मोकळा आणि 'खत' म्हणजे लेख, यांचा जोड आहे. कर्ज फिटले, माणूस मोकळा झाला, त्याचा कागद तो फारखत.

'तफावत' आपण जमाखर्चात नेहमी वापरतो. त्याच्या मुळाचा अर्थ निसटून जाणे, हातचे जाणे असा आहे. तलाठ्याच्या वा पटवाऱ्याच्या दप्तरात मृत खातेदारापुढे 'फौत' लिहितात, तोही शब्द याच मुळाचा. रोकडवहीतले निसटलेले दोन रुपये आणि जगातून निसटलेला माणूस या दोघांसाठी भाषेने एकच मूळ वापरले.

या सर्वांत मोठा घोटाळा 'खिलाफ' या शब्दाचा आहे. अरबीत या मुळाचा अर्थ मागे असणे, मागून येणे. मागून येऊन जागा घेणारा तो 'खलीफा', त्याचे पद 'खिलाफत'. आणि पाठ फिरवून मागे राहिलेला, म्हणून वेगळ्या दिशेला गेलेला, तो 'मुखालिफ'. त्याच्या कृतीला 'मुखालफत' म्हणावयाचे. आज हिंदी वर्तमानपत्रे आणि व्याख्याते सर्रास म्हणतात, "हम इसकी खिलाफत करते हैं." त्याचा शब्दशः अर्थ होईल, आम्ही याची खलिफाची गादी चालवितो! आपल्या भागातील माणसाने तरी ही चूक करू नये. खिलाफत चळवळीचे पुढारी महंमद अली आणि शौकत अली हे बंधू पहिल्या महायुद्धाच्या काळात छिंदवाड्यातच नजरकैदेत होते. १९१९ मध्ये सुरू झालेल्या त्या चळवळीत इंग्रज सरकारला विरोध होता हे खरे. पण चळवळीचे नाव विरोधावरून पडलेले नाही, तुर्कस्तानच्या खलिफाच्या पदावरून पडलेले आहे.

याच मुळापासून 'इख्तिलाफ' हा शब्द झाला. उर्दूत त्याचा अर्थ मतभेद. कुराणात हाच शब्द रात्र आणि दिवस यांच्या येण्याजाण्यासाठी आला आहे. एकामागून दुसरे येते, दोन्ही सारखी नाहीत, आणि दोघांचे भांडणही नाही. मतभेदाला यापेक्षा चांगला शब्द मला कोणत्याही भाषेत आढळलेला नाही.

आता आपल्या सीमेवरची नेहमीची फसगत सांगतो. 'तक्रार' या शब्दाचा अरबी अर्थ फक्त पुनरुक्ती, पुन्हा पुन्हा म्हणणे. मुशायऱ्यात श्रोते शेर पुन्हा ऐकण्यासाठी 'मुकर्रर' म्हणून पुकारतात, तो याच घरचा. मराठीत पुन्हा पुन्हा सांगावे लागते ते गाऱ्हाणे, म्हणून तक्रार म्हणजे गाऱ्हाणे. हिंदीत मात्र दोघांनी पुन्हा पुन्हा तेच बोलणे म्हणजे भांडण, म्हणून 'तकरार' म्हणजे झगडा. एका कचेरीत मी पाहिले आहे : खेड्यातले एक वृद्ध शेतकरी ओलिताच्या पाळीबद्दल तोंडी सांगावयास आले आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "साहेब, माझी तकरार आहे." बाहेरगावाहून बदलून आलेले कारकून चमकून म्हणाले, "बाबा, तकरार करनी है तो बाहर जाओ." आजोबा खरेच बाहेर जाऊन उभे राहिले. 'शिकायत' हा एक शब्द त्यांना ठाऊक असता, तर त्यांचा अर्ज त्याच दिवशी घेतला गेला असता.

'हरकत'चेही तसेच. अरबीत हालचाल, हिंदी-उर्दूत एखाद्याचे वागणे, बहुधा वाईट, मराठीत अडथळा किंवा आक्षेप. आपण 'हरकत नाही' म्हणतो तेव्हा हिंदी भाषकाला काहीच बोध होत नाही. उलट हिंदीत आक्षेपाला 'आपत्ति' म्हणतात. जमिनीच्या फेरफाराची नोटीस घरी येते, तीत 'आपत्ति हो तो प्रस्तुत करें' असे असते, आणि घरातल्या म्हातारीला वाटते की काही तरी संकट कोसळले.

'जिद्द' शब्दाची यात्रा मला सर्वांत अधिक आवडते. अरबी 'जिद्द' म्हणजे विरुद्ध वस्तू. काळ्याची जिद्द पांढरा. ज्या शब्दाला दोन परस्परविरुद्ध अर्थ असतात, अशा शब्दांचा अरबी पंडितांनी 'अजदाद' म्हणून वेगळा वर्ग केला आणि त्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. उर्दू-हिंदीत येता येता 'जिद' म्हणजे हट्ट झाला, आणि मुलाला त्यासाठी मार बसू लागला. मराठीत आल्यावर तीच 'जिद्द' सद्गुण झाली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर आम्ही 'जिद्दी विद्यार्थी' असे कौतुकाने लिहितो. एखाद्या हिंदी भाषक पालकाने ते वाचून घरी मुलाला दटावले नाही, तर नवल.

'पण' या साध्या अव्ययाविषयीही दोन शब्द. तो संस्कृत 'पुनः' पासून आला. म्हणून 'मी पण येतो' यात तो जोडतो, आणि 'येतो, पण उशिरा' यात अडवितो. 'प्रति'चे असेच. अर्जाच्या माथ्यावर 'प्रति' लिहितो तेव्हा अर्थ 'च्याकडे', आणि 'प्रतिवादी'त अर्थ 'च्या विरुद्ध'. कोणाकडे तोंड करून उभे राहणे हे दोन्ही कामांना लागतेच. इंग्रजीतला 'विथ', म्हणजे 'सह', हाही एके काळी 'विरुद्ध' या अर्थी होता. 'विथस्टँड' या शब्दात तो अर्थ अजून टिकला आहे.

शेवटी प्रतिस्पर्ध्याची नावे पाहू, कारण त्यांत आपल्या गावाचा संबंध येतो. इंग्रजीत प्रतिस्पर्ध्याला 'रायव्हल' म्हणतात. लॅटिन भाषेत 'रीवुस' म्हणजे ओढा, पाट. एकाच ओढ्याचे पाणी घेणारे दोघे ते 'रीवालिस'. संत्र्याच्या बागांना एकाच नाल्यावरून पाणी घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. संस्कृताने नदीऐवजी घर घेतले : 'सपत्नी' म्हणजे सवत, आणि तिच्यावरून पुल्लिंगी 'सपत्न' म्हणजे शत्रू. 'भ्रातृव्य' म्हणजे भावाचा मुलगा आणि वैरीही. पाणिनीने दोन अर्थांसाठी दोन सूत्रे केली, आणि भेद ठेवला तो केवळ उच्चारातल्या आघाताचा. आपण मराठीत 'भाऊबंद' आपुलकीने म्हणतो आणि 'भाऊबंदकी' म्हटले की कोर्टाची पायरी दिसू लागते. पंजाबीत 'शरीक' म्हणजे भागीदार, आणि 'शरीका' म्हणजे नातलगांतली चढाओढ. उर्दू शायरीतला 'रकीब' हा प्रेमातला प्रतिस्पर्धी. अरबीत तो शब्द मुळात पहारा करणाऱ्याचा, राखणदाराचा आहे. कोणत्याही भाषेने प्रतिस्पर्धी परक्या मुलखातून आणलेला दिसत नाही. तो शेजारचा, भाऊबंद किंवा वाटेकरीच आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा आणि दुसऱ्या काठाला सावरगाव उभे राहते, मध्ये पात्रात पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा. 'गोटा' आणि 'मार' मिळून 'गोटमार' शब्द झाला, त्याला व्युत्पत्ती सांगावयास नकोच. मुलामुलीच्या प्रेमाची कथा त्यामागे सांगतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. काही वर्षी माणसे दगावलीही आहेत. दोन्ही गावे पाणी घेतात ते एकाच नदीचे, म्हणजे लॅटिन अर्थाने ती तंतोतंत 'रीवालिस' आहेत. गोटमारीनंतर झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो, आणि दवाखान्यात दोन्ही काठांची माणसे शेजारशेजारच्या खाटांवर असतात. या वर्षी नववीच्या वर्गाला मी 'ऐलतीर' आणि 'पैलतीर' यांवर चार ओळी लिहावयास सांगितल्या. पांढुर्ण्याच्या मुलांनी सावरगावला पैलतीर लिहिले, सावरगावच्या मुलांनी पांढुर्ण्याला; मी दोघांनाही पूर्ण गुण दिले.