संमतीपत्रावर सही करण्याआधी

सहलीचं संमतीपत्र दप्तरातून घरी गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सही होऊन माझ्या टेबलावर परत येतं. मुलं वडिलांना जेवताना गाठतात, आईला ओट्यापाशी गाठतात आणि सही घेतल्याशिवाय झोपत नाहीत. त्यांची घाई मला समजते. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात वाढलेल्या जळगाव-धुळ्याच्या मुलांनी जानेवारीत मनालीला जायचं आणि सोलंगच्या उतारावर पायांत स्की बांधून उभं राहायचं, ही त्यांच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट आहे! मी या सहलीच्या बाजूची आहे. पण त्या कागदावरच्या एका रकान्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. 'पाल्याच्या आरोग्याविषयी काही सांगायचे असल्यास' असा तो रकाना. जवळजवळ प्रत्येक कागदावर तिथे 'काही नाही' असं लिहिलेलं असतं.

आई-बाबांनो, एवढ्या मुलांपैकी एकालाही काही नसतं, असं कसं होईल?

आपलं जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंच, धुळे थोडं वर. मनाली सुमारे २,००० मीटरवर, सोलंग अडीच हजारांच्या घरात आणि रोहतांग खिंड जवळजवळ ४,००० मीटरवर. साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे विरळ हवेचा त्रास जाणवू शकतो. डोकं दुखतं, मळमळतं, जेवण नको होतं, झोप लागत नाही. मुलांना वाटतं, प्रवासाचा शीण असेल. सांगितलं तर मॅडम हॉटेलवर बसवून ठेवतील, या भीतीने ती गप्प राहतात. म्हणून आम्ही पोहोचल्याच्या दिवशी कुठेही जात नाही. मनालीतच मुक्काम, गरम जेवण, भरपूर पाणी आणि लवकर झोप. रोहतांगला आम्ही नेतच नाही. घरून अंगात काय घेऊन मूल निघालं आहे, हे मात्र आम्हाला तुमच्याशिवाय कोण सांगणार?

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सिकलसेलची, आणि आपल्या भागात ती बोलायलाच हवी. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबार-धुळ्यापासून यावल-रावेरच्या पाड्यांपर्यंत, सिकलसेल अनेक घरांत आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. आपल्याकडे तपासणी त्याआधीपासूनच होते आहे. ज्याला हा आजार आहे, त्याच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी, कोरडा पडलेला घसा, दमणूक आणि विरळ हवा ही चारही कारणं बर्फाच्या सहलीत एकाच वेळी समोर उभी असतात. असं मूल डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय तिथे न्यायचंच नाही. जे फक्त वाहक असतात ते एरवी ठणठणीत असतात, कबड्डी खेळतात, शेतात राबतात. पण उंचीवर, पाणी कमी पडलेलं असताना दमछाक झाली तर त्यांच्याही प्लीहेला इजा होऊ शकते. वाहक मूल जाऊच शकत नाही, असं मी म्हणत नाही. त्याच्या डॉक्टरांना उंची किती, मुक्काम किती, खेळ कोणता, हे सगळं सांगून विचारा. ते हो म्हणाले तर आम्ही त्याच्या पाण्याकडे आणि विश्रांतीकडे वेगळं लक्ष देऊ, आणि डाव्या बरगड्यांखाली दुखतंय म्हणाला तर त्याच क्षणी खाली उतरवू.

हे का लपवलं जातं, तेही मला माहीत आहे. मुलीच्या बाबतीत जास्त लपवलं जातं. वर्गात कळलं तर गावात कळेल, गावात कळलं तर उद्या लग्नाला अडचण येईल. ताई, तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मी एवढंच सांगते की ही माहिती आमच्याकडे बंद पाकिटात राहते. ते पाकीट मी आणि सोबतच्या शिक्षिका, आम्ही दोघीच पाहतो. सहल संपली की ते तुमच्या हातात परत. रिपोर्ट नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्या, बोटातून थेंबभर रक्त घेऊन सुरुवातीची चाचणी होते. सहलीला पाठवायचं नसलं तरी करून घ्या.

एका वर्षी भुसावळ स्टेशनवर गाडी यायची वेळ झाली होती. मुलं बॅगांवर बसून खारे शेंगदाणे खात होती, घोषणा चालू होती, आणि एका आईने मला खांबाआड बोलावलं. पिशवीतून लाडवांचा डबा काढला. डब्याच्या तळाशी रुमालात गुंडाळलेला इन्हेलर होता. 'मॅडम, त्याला कधी कधी दम लागतो. त्याला सांगू नका मी दिला म्हणून, तो रागावतो.' त्या माउलीने निदान सांगितलं तरी. कोरड्या, गार हवेत धावपळ झाली की दमा उसळतो, आणि स्की शिकणं म्हणजे पहिले दोन दिवस निव्वळ धावपळ असते. इन्हेलर सामानाच्या बॅगेत असून उपयोग नाही, तो मुलाच्या आतल्या खिशात हवा, कारण बाहेरच्या खिशात तो थंडीने गारठतो आणि नीट चालत नाही. हे सगळं आधी कळलं तर त्या मुलाला आम्ही सरावाने तयार करू शकतो. गाडी फलाटाला लागल्यावर नाही करू शकत.

मुलींच्या आयांना एक वेगळं सांगणं आहे. लांबच्या प्रवासात स्वच्छतागृह कसं असेल, या धास्तीने मुली पाणीच पीत नाहीत. घरून निघाल्यापासून दोन-दोन घोट. मोठ्या बायका हेच करतात, ते पाहून त्या शिकतात. डोंगरावर हे अंगाशी येतं, आणि डोकेदुखीने पहिल्या आडव्या होतात त्या याच मुली. आम्ही बस कुठे थांबवायची हे आधी ठरवून ठेवतो, दोन शिक्षिका सोबत असतात, पाळीच्या दिवसांची सोय आमच्या पेटीत असते. तुम्ही मुलीला मोकळेपणाने सांगा, पाणी पी आणि मॅडमला सांग. तुमच्या तोंडून ऐकलं की तिला पटतं.

बस लागणं हा आजार नाही, पण तेही लिहा. चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना कन्नड घाटात जे मूल उलटी करतं, ते मंडी ते मनाली रस्त्यावर नक्की करणार. त्याला पुढची खिडकी द्यायची, हे आम्हाला आधी ठरवता येतं.

आता कपड्यांचं. थंडी आपल्यालाही नवी नाही. धुळ्यात पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तोरणमाळला आणि डाब-मोलगीकडे दव गोठल्याच्या बातम्या येतात. पण ती कोरडी थंडी आहे, ऊन चढलं की जाते. बर्फात मूल ओलं होतं. सुती मोजे, सुती बनियन आणि मुलांची लाडकी जीन्स एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. मला एका मुलाचे पाय आठवतात. त्याने थंडी वाजेल म्हणून एकावर एक सुती मोजे चढवले होते. बूट काढला तेव्हा बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली, आणि 'दुखतंय का?' विचारलं तर म्हणाला, 'नाही मॅडम, काहीच लागत नाहीये.' काहीच न जाणवणं हेच तर वाईट लक्षण. कोमट पाण्यात पाय ठेवून बसवल्यावर हळूहळू रंग परतला आणि मग तो कळवळून रडला. स्कीच्या बुटात एकच मोजा घालायचा, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, गुडघ्यापर्यंतचा. जास्त मोज्यांनी बूट आवळतो आणि रक्त पोहोचत नाही. नवे महागडे जॅकेट घेऊ नका. मागच्या वर्षी गेलेल्या मुलांचं सामान शाळेत जमा असतं, उरलेलं तिथे भाड्याने मिळतं. काळा चष्मा मात्र चांगला द्या. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण बहुतांश परत फेकतो, आणि त्याने डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात.

मुलाचं खरं वजनही लिहा. हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. स्कीची पट्टी बुटाला एका खटक्याने अडकवलेली असते. पडल्यावर ती सुटली पाहिजे, नाहीतर लांब पट्टीसकट पाय पिळवटतो आणि गुडघा जातो. तो खटका किती घट्ट ठेवायचा, हे वजन, उंची आणि खेळाडूची तयारी पाहून ठरवतात. जाड मुलं लाजून वजन कमी सांगतात, बारीक मुलं जास्त. म्हणून आम्ही शाळेत काट्यावर एकेकाला खोलीत बोलावून वजन घेतो.

शिकणं कसं असतं तेही सांगते. सोलंगला रस्त्याकडेचा भाड्याचा कोट घालून, दहा मिनिटं पट्ट्यांवर उभं राहून फोटो काढायचा, ही झाली पर्यटकांची स्की. आमची मुलं पहिल्या दिवशी पडायला शिकतात, कुशीवर, हात आखडून. मग उठायला. मग पट्ट्या आडव्या टाकत उतार चढायला. मग पुढची टोकं जवळ आणि मागची लांब अशी पाचर करून वेग कमी करायला. ही पाचर जमली की मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी मी हा सगळा खटाटोप करते. आपण थांबू शकतो, हे त्याला पहिल्यांदा कळलेलं असतं. मनालीत १९६१ साली सुरू झालेली पर्वतारोहण संस्था आहे, आज ती अटलबिहारी वाजपेयींच्या नावाने ओळखली जाते. तिथे स्कीचे अभ्यासक्रम कित्येक दिवस चालतात. तेवढा वेळ आपल्याकडे नसतो. पण म्हणूनच 'शिमला का नाही, मणिकर्ण का नाही?' या दरवर्षीच्या प्रश्नाला माझं उत्तर तेच राहील. मिळालेले सगळे दिवस एकाच उतारावर. स्नोबोर्ड आम्ही पहिल्या वर्षी देत नाही. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात, नवशिका पडतो तो हात टेकून, आणि मनगट मोडतं.

बर्फ मिळेलच, असंही कुणी मुलांना सांगू नका. अलीकडे कधी जानेवारी अर्धा सरतो तरी सोलंगचे उतार तपकिरी असतात. तसं झालं तर देवदारांतून चालत जाऊ, आणि मुलं हिरमुसतील ती हिरमुसू द्या.

नदीबद्दल मी कुणाचंच ऐकत नाही. मनालीच्या वाटेवर, मंडी जिल्ह्यात थलौटजवळ ८ जून २०१४ रोजी हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी बियास नदीत वाहून गेले. फोटो काढायला पात्रातल्या दगडांवर उतरले होते, वर लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं. १ फेब्रुवारी २०१६ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. दोन्हीकडे मुलं मोठी होती, कॉलेजातली. आमची बस बियासच्या काठाने तासन्‌तास जाते आणि पाणी इतकं सुंदर दिसतं की मोठ्यांनाही उतरावंसं वाटतं. मुलं घरी येऊन तक्रार करतील की मॅडमनी नदीला हातसुद्धा लावू दिला नाही. ती तक्रार खरी असेल.

पैशांचं बोलणं अवघड, तरी बोलते. आपल्याकडे बऱ्याच घरांत हातात पैसा येतो तो कापूस विकल्यावर. म्हणून आम्ही सहल जूनमध्येच जाहीर करतो आणि मोठा हप्ता डिसेंबरात ठेवतो. तरीही ज्यांना परवडत नाही त्यांनी कर्ज काढू नका, सोनं मोडू नका. हट्टापुढे आई-बाप वाकतात, हे मी पाहिलं आहे. त्याच आठवड्यात तोरणमाळचा मुक्काम असतो, एसटीने, विद्यार्थी सवलतीत. सातपुड्याच्या साडेअकराशे मीटरवर, यशवंत तलावाकाठी. मी तिथेही तितक्याच मनाने गेलेली आहे, आणि आकाश ओळखायला मुलं तिथेच शिकली. मनालीला जाणाऱ्यांनीही आधी एक रात्र तोरणमाळला काढायची आहे. रात्री कोण घाबरतं, कोण अंथरूण ओलं करतं, कोण झोपेत चालतं, हे घरापासून जवळ कळलेलं बरं. तेही लिहा. आठवीतल्या मुलाचं अंथरूण ओलं होणं यात लाज काही नाही, फक्त त्याला माझ्या खोलीशेजारी झोपवावं लागतं.

धुळ्याकडचे एक वडील निघताना दरवेळी म्हणतात, 'मॅडम, मना पोऱ्याकडे ध्यान ठेवजात.' ठेवणारच, अण्णा. पण दिवसातून दहा वेळा फोन करू नका. पहिल्या रात्री सगळीच मुलं रडवेली होतात, दुसऱ्या रात्री उशांनी मारामारी करतात. मधे घरचा आवाज ऐकला की पुन्हा पहिल्या रात्रीवर येतात. रात्री आठ वाजता ग्रुपवर माझा निरोप येईल. तब्येतीचं काही असलं तर आठची वाट न पाहता मीच फोन करीन, काहीही न लपवता.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर पालकांची सभा आहे. शक्यतो आई आणि वडील दोघेही या. रकाना कोरा ठेवून कागद घेऊन या, आपण समोरासमोर बसून भरू. चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी, असेल तर सिकलसेलचा रिपोर्ट आणि तुमच्या डॉक्टरांचा नंबर सोबत आणा. सगळ्यांदेखत बोलणं जमणार नसेल तर सभा संपल्यावर थांबा. सहापर्यंत मी आठवीच्या वर्गात आहे.