अंदमानला दिवेलागण लवकर का होते?

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या बायका आणि काहींचे मालक असे आम्ही फेब्रुवारीत, ऊस कारखान्याला गेला की, टूर कंपनीबरोबर अंदमानला जायचं म्हणतोय. आमच्यातलं कुणी बोटीत बसलेलं नाही. विमानही बऱ्याच जणींना नवीनच. टूरवाल्यांनी दिलेल्या कागदावर पहाटे साडेपाचला चहा आणि संध्याकाळी साडेपाचनंतर हॉटेलवर मुक्काम असं लिहिलंय. एवढे पैसे भरून दिवसाउजेडी खोलीत बसायचं का? की कार्यक्रम आटोपता घ्यायची ही टूरवाल्यांची युक्ती आहे? आणि तयारी काय करावी?
— एक वाचक भगिनी, कन्हेरी (ता. बारामती)

उत्तर : युक्ती नाही, टूरवाले खरं सांगताहेत. साडेपाचनंतर तिथे दिवसाचा उजेड उरतच नाही. आपल्या देशाचं घड्याळ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. कन्हेरी त्याच्या बरीच पश्चिमेला, साधारण ७४.५ अंशांवर. अंदमानची राजधानी त्याच्या बरीच पूर्वेला सरकलेली, ९२.७ अंशांवर. एक अंश ओलांडायला सूर्याला चार मिनिटं लागतात. मधल्या अठरा अंशांचा हिशेब झाला सव्वा तासाच्या आसपास. सूर्य तिथे एवढा आधी पोचतो, पण घड्याळ दोन्हीकडे एकच. फेब्रुवारीच्या मध्यावर कन्हेरीत सकाळी सातला उजाडतं आणि साडेसहाला सूर्य मावळतो. अंदमानात पावणेसहाच्या आतच सूर्य वर आलेला असतो आणि साडेपाचपर्यंत बुडालेलाही असतो. तेव्हा तिथला दिवस पहाटेच्या बाजूने वापरायचा. तुम्हाला धारा काढायला उठायची सवय असेलच, ती तिथे कामी येईल.

आता तयारी. पहिली गोष्ट कागदपत्रांची. तुम्ही ज्याला पोर्ट ब्लेअर म्हणून ओळखता, त्या राजधानीचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. हॅवलॉक बेटाला स्वराज द्वीप आणि नीलला शहीद द्वीप अशी नावं डिसेंबर २०१८ मध्येच मिळाली. टूरच्या कागदावर यातलं कुठलंही नाव दिसलं तरी गोंधळू नका. भारतीयांना नेहमीच्या पर्यटन बेटांवर जायला वेगळा परवाना लागत नाही. मूळ आधार कार्ड मात्र हाताशी हवं. खरी अडचण नावाची होते. तिकिटावर घरात रुळलेलं नाव आणि आधारवर दुसरंच, असं झालं तर विमानतळाच्या दारातच अडकायला होतं. टूरवाल्यांना नावं तोंडी सांगू नका, प्रत्येकीच्या आधारची झेरॉक्स द्या.

दुसरी गोष्ट बॅगेची. देशातल्या विमानात बहुधा १५ किलोची एक मोठी बॅग आणि ७ किलोपर्यंतची हातातली एवढीच मुभा असते. पानाच्या चंचीतला अडकित्ता हातातल्या पिशवीत राहिला तर तपासणीत तो काढून घेतात. अडकित्ता आणि लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत टाका. उलट मोबाइलची पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातच ठेवायची. निघताना कन्हेरीच्या मारुतीला नारळ वाढवणार असालच. जिथे मोठमोठ्या निवडणुकांच्या प्रचाराचा नारळ फुटतो, तिथे तुमच्या सहलीचाही फुटू दे. पण प्रसाद तिथेच वाटून संपवा. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असल्याने ते चटकन पेट घेतं, म्हणून विमानाच्या सामानात खोबऱ्याच्या वाट्या नेऊ देत नाहीत.

तिसरी गोष्ट समुद्राची, आणि खरी तयारी तिचीच. श्री विजयपुरमहून स्वराज द्वीपला खासगी जलद बोटीने दीड तास, सरकारी बोटीने अडीच तासांच्या आसपास लागतात. बोट लागण्याची भीती असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. कुठली गोळी, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाब-मधुमेह असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. बसायला बोटीचा मधला भाग बघा, हेलकावे तिथे कमी जाणवतात. मोबाइलमध्ये डोकं घालू नका, नजर लांब क्षितिजावर ठेवा. भरल्या पोटी चढू नका आणि अगदी उपाशीही नको.

फेब्रुवारी तुम्ही चांगला निवडलात, समुद्र तेव्हा बराच शांत असतो. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस, नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरातली वादळं. तरीही वारा फिरला की बंदर खातं बोटी थांबवतं, आणि मग टूर मॅनेजर कितीही हुशार असला तरी काही करू शकत नाही. म्हणून रोजच्या गोळ्या टूरच्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवसांच्या जास्त न्या, त्याही हातातल्या पिशवीत. चेन्नईहून समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट सुधारलं आहे, पण लहान बेटांवर मोबाइलवरून पैसे द्यायच्या भरवशावर राहू नका. थोडी रोकड जवळ असू द्या.

पाण्याखाली जाऊन प्रवाळ बघायचा मोह होईल. दमा, हृदयविकार किंवा कानाचं दुखणं लपवून स्कूबा करू नका. स्कूबानंतर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं, म्हणून ते शेवटच्या दिवशी नको. ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट असते. मात्र किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आठवण म्हणून शिंपल्याची वस्तू हवी तर सरकारी ‘सागरिका’ दुकानातून घ्या आणि पावती जपा. बाराटांगला जाताना वाटेत जारवा लोकांचं जंगल लागतं. तिथे गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात. फोटो काढणं, खाऊ देणं, दोन्हींना बंदी आहे. गटातल्या हौशी मंडळींना हे आधीच बजावा.

सेल्युलर जेल तुम्ही बघणारच. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात लांब इमारतींपैकी आता तीनच उरल्या आहेत. ४ जुलै १९११ ला सावरकरांना इथे आणलं, त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासून इथेच होते. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी जिने सावकाश चढावेत, पण चुकवू नये. संध्याकाळी तिथेच ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो. लवकर पडणाऱ्या अंधाराचा असा उपयोगही आहे. त्याची तिकिटं टूरमध्ये धरली आहेत का, हे विचारून घ्या.

पैसे भरण्याआधी टूर कंपनीकडून चार गोष्टी लेखी घ्या : बोट सरकारी की खासगी, बोट रद्द झाली तर जादा मुक्कामाचा खर्च कुणाचा, आपल्याकडून कुणाचं जाणं रद्द झालं तर किती रक्कम परत, आणि टूर मॅनेजर पुण्यापासून सोबत की थेट अंदमानात भेटणार. याची उत्तरं जी कंपनी ‘बघू की’ म्हणून टाळेल, तिच्याबरोबर समुद्र ओलांडू नका.