संगणकाची कुजबुज आणि शोषक लेप

भिंतीला कान असतात हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या कानांना यंत्राचेही बोलणे ऐकू येते, हे सहसा ध्यानात येत नाही. विजेचा प्रवाह झपाट्याने बदलला की त्यातून विद्युत्-चुंबकीय लहरी उठतात. १९४३ साली अमेरिकेतील बेल कंपनीच्या अभियंत्यांनी एका संकेतलेखन-यंत्राच्या लहरी सुमारे ८० फुटांवरून टिपल्या आणि पाऊणएक मजकूर वाचून काढला. १९८५ मध्ये हॉलंडच्या विम व्हान एक यांनी थोडा फेरफार केलेल्या टीव्हीवर दूरच्या संगणकाचा पडदा उमटवून दाखविला. आजचे सपाट पडदेही यातून सुटलेले नाहीत.

यावर उपाय कोणता? बिदरच्या हवाई तळावरची विमाने कमठाण्यावरून जाताना रोज पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला रडारपासून लपणाऱ्या विमानांचा रंग चटकन आठवेल. तोच रंग खोलीला दिला तर? नेमका येथेच घोटाळा होतो.

रडारची वारंवारता १०,००० मेगाहर्ट्झ धरली, तर तरंगलांबी ३ सेंटिमीटर होते. तेथे लोहभुकटीचा एक-दोन मिलिमीटरचा लेप पुरतो. संगणकाची गळती मात्र बरीचशी काही दशक ते काही शतक मेगाहर्ट्झमध्ये असते. १०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३ मीटर. आणि साध्या, अचुंबकीय शोषकाला तिचा चौथा हिस्सा, म्हणजे ७५ सेंटिमीटर जाडी लागते. याला लेप म्हणावे की भिंत?

फेराइटची गोष्ट निराळी. लोहाच्या ऑक्साइडशी निकेल, जस्त यांचा संयोग करून भाजलेली ही फरशी सुमारे ६ मिलिमीटर जाडीतच ३० मेगाहर्ट्झपासून पुढे चांगले शोषण करते. पण ती जड, ठिसूळ आणि महाग. (बिदरच्या किल्ल्याचा जांभाही लोहाच्या ऑक्साइडनेच तांबडा आहे, म्हणून तो फेराइट होत नाही. जांभ्याच्या घरात रेडिओ खुशाल वाजतो.) कार्बनयुक्त फोमचे लांब सुळके उच्च वारंवारतेला उत्तम. मुंबईच्या ‘समीर’ या संस्थेतील चाचणीच्या लहरीशोषक खोल्या याच तत्त्वावरच्या.

आता मुख्य मुद्दा. शोषकाच्या माहितीपत्रकात ‘२० डेसिबल’, म्हणजे ९९ टक्के शोषण, असे लिहिलेले असते. हा आकडा बहुधा मागे धातूचा पत्रा ठेवून मोजलेल्या परावर्तनाचा असतो; लेप ओलांडून पलीकडे किती गेले, याचा नव्हे. शिवाय पलीकडची गळती खरोखरच २० डेसिबलने घटली, तरी मोकळ्या जागेत १०० मीटरवरून ऐकणाऱ्याला १० मीटरवर यावे लागेल, एवढेच.

उलट, १०० मेगाहर्ट्झची लहर तांब्यात शिरली की अवघ्या ६.६ मायक्रॉनमध्ये तिचा जोर ३७ टक्क्यांवर येतो. म्हणून मजकूर राखण्याचे खरे काम धातूच्या अखंड कवचाचे. मात्र धातू लहर गिळत नाही, परतवतो. ती आत घुमत राहते आणि दाराच्या फटीतून निसटते. हे घुमणे कमी करण्यापुरते फेराइट आतून लावावे. दाराच्या कडांना धातूची स्प्रिंगपट्टी हवी, आणि विजेच्या तारेवर गाळणी हवीच. नाहीतर खोली बंद करूनही मजकूर तारेवाटे बाहेर जातो. जुन्या मॉनिटरच्या केबलवर दिसणारी ती जाड गाठ फेराइटचीच असते.